वडाप ते जनरल डबा: रात्रीच्या प्रवासाची पहिली तयारी

संध्याकाळी तालुक्याच्या गावाहून वडाप, म्हणजे सीटप्रमाणे भाडं घेणारी शेअर जीप, धरायचं, तास-दीड तासात जंक्शन गाठायचं आणि तिथून रात्रीची गाडी पकडून सकाळी मुंबईला, नागपूरला, सुरतेला किंवा हैदराबादला उतरायचं. सवय असलेल्यांना यात सांगण्यासारखं काही वाटत नाही, म्हणूनच नव्या माणसाला कोणी धड सांगत नाही. बहुतेकांची फजिती वडापात होत नाही आणि रेल्वेतही होत नाही, ती होते दोन्हींच्या सांध्यावर. वडापाला वेळापत्रक नसतं, ते भरलं की सुटतं. रेल्वे कुणासाठी थांबत नाही. त्यामुळे सगळी आखणी उलटी, गाडीच्या वेळेपासून मागे मोजत करायची. त्याआधी तिकिटाचं ठरवून टाकायचं.

तिकीट: घरी बसून ठरवायची गोष्ट

आरक्षण प्रवासाच्या ६० दिवस आधी उघडतं. तेवढं आधी ठरलेलं असेल तर स्लीपर काढा, विषय संपला. ऐनवेळी जायचं असेल तर तत्काळ आहे: एसीसाठी सकाळी १० वाजता, स्लीपरसाठी ११ वाजता, गाडी मूळ स्टेशनवरून ज्या दिवशी सुटते त्याच्या आदल्या दिवशी. यात एक गोम आहे. लांबून येणारी गाडी तुमच्या जंक्शनवर दुसऱ्या दिवशी पोचत असेल, तर तत्काळ तुमच्या हिशोबापेक्षा एक दिवस आधी उघडतं. ऑनलाइन तत्काळसाठी खातं आधारशी जोडलेलं लागतं. ते ११ वाजता जोडायला बसलात तर गेलं. कन्फर्म तत्काळ तिकीट रद्द केल्यास पैसे परत मिळत नाहीत.

आरएसी मिळालं तर बिनधास्त जा. साइड लोअरच्या बाकावर दोघांना अर्धी-अर्धी जागा मिळते. झोप अर्धवट होईल, पण बसायला हक्काची जागा आहे. वेटिंगचं मात्र तसं नाही. ऑनलाइन काढलेलं तिकीट चार्ट लागल्यावरही वेटिंगलाच राहिलं तर ते आपोआप रद्द होतं आणि तुम्ही विनातिकीट ठरता. खिडकीवर काढलेलं वेटिंग हातात असलं तरी स्लीपरमध्ये बसायचा हक्क देत नाही. पूर्वी टीसी कानाडोळा करायचे, आता सरळ उतरवतात किंवा दंड लावतात. चार्ट आता गाडीच्या कित्येक तास आधी लागतो, म्हणजे वडाप धरायच्या आधीच कळतं. वेटिंगला राहिलं की त्याच क्षणी जनरलचा विचार सुरू करायचा. ‘टीसीला भेटून बघू’ हा बेत नाही, ती आशा आहे.

जनरलचं तिकीट मागताना ‘सुपरफास्टचं द्या’ किंवा ‘साध्या एक्सप्रेसचं द्या’ हे स्पष्ट सांगा. गाडीचा क्रमांक १२, २० किंवा २२ ने सुरू होत असेल तर ती सुपरफास्ट. तिचा अधिभार जनरलला १५ रुपये, स्लीपरला ३० रुपये. हे १५ रुपये वाचवून सुपरफास्टमध्ये चढलेले लोक तपासणीत नाहक सापडतात. २०० किलोमीटरच्या आतलं जनरल तिकीट त्याच दिवसाचं मिळतं, आणि काढल्यापासून ३ तासांत किंवा त्या दिशेची पहिली गाडी सुटेपर्यंत, यांपैकी जे उशिरा असेल तोवर प्रवास सुरू करावा लागतो. २०० किलोमीटर आणि त्यापुढचं तिकीट खिडकीवर ३ दिवस आधीही मिळतं. कामाच्या निमित्ताने जंक्शनला जाणं झालं तर ते तेव्हाच काढून ठेवावं.

मोबाइलवरही जनरल तिकीट निघतं, पण रुळांच्या अगदी जवळ उभं राहून किंवा चालत्या गाडीत निघत नाही. स्टेशनवर पोचल्यावर काढायचं असेल तर तिथे लावलेला क्यूआर कोड स्कॅन करावा लागतो. शिवाय हे तिकीट अॅपमध्येच दाखवावं लागतं, स्क्रीनशॉट चालत नाही. रात्रभराच्या प्रवासात मोबाइल बंद पडला की तुम्ही विनातिकीट. म्हणून रात्रीसाठी कागदी तिकीटच बरं. ते पाकिटात न ठेवता शर्टाच्या आतल्या खिशात ठेवा, कारण गर्दीत पाकीट जातं आणि त्याबरोबर तिकीटही.

अमुक गाडीला जनरल डबा आहे का, हेही आधी बघा. राजधानी, दुरांतो, गरीबरथ, वंदे भारत यांना तो नसतो.

तारीख आणि स्टेशन: दोन ठरलेल्या चुका

रात्री १२ नंतरची गाडी सगळ्यांना एकदा तरी फसवते. १५ तारखेची ००:२० ची गाडी म्हणजे १४ तारखेच्या रात्री जेवून निघायचं. १५ च्या संध्याकाळी वडाप धरणाऱ्याची गाडी आदल्या रात्रीच गेलेली असते. तिकीट हातात आलं की तारखेच्या शेजारी वार पेनाने लिहून ठेवा: ‘मंगळवारी रात्री घरून निघणे’.

दुसरी चूक स्टेशनच्या नावाची. दौंड जंक्शन वेगळं आणि दौंड कॉर्ड लाइन वेगळं. मनमाडकडून येऊन पुण्याकडे जाणाऱ्या काही गाड्या जंक्शनला न शिरता कॉर्ड लाइनवरूनच निघून जातात. वडापवाला ‘दौंड स्टेशन’ म्हणेल तेव्हा त्याच्या डोक्यात जंक्शनच असतं. लातूर आणि लातूर रोड यांच्यात तीसेक किलोमीटर आहेत. अमरावतीकरांच्या पुष्कळ लांबच्या गाड्या बडनेऱ्याला मिळतात. वर्धा आणि सेवाग्राम ही दोन स्टेशनं आहेत. मुंबईच्या बाजूला ‘कुर्ला’ लिहिलंय की लोकमान्य टिळक टर्मिनस, ‘वांद्रे’ की वांद्रे टर्मिनस, हेही नीट वाचा. चढायचं स्टेशन चुकलं तर रात्री धावपळ करायला रिक्षाही मिळत नाही.

मागून मोजा

समजा गाडी जंक्शनवरून रात्री २२:४० ला आहे आणि जंक्शन ५५ किलोमीटरवर आहे. जनरलने जायचंय.

जनरलला जागा हवी तर फलाटावर २१:३० ला हजर पाहिजे. तिकिटाच्या रांगेला अर्धा तास धरा, म्हणजे स्टेशनवर २१:००. वडाप नाक्यावर सोडतं, तिथून रिक्षाला १५ मिनिटं: २०:४५. रस्त्यात चढ-उतार, चहा, डिझेल धरून ५५ किलोमीटरला दीड तास: वडाप १९:१५ ला सुटलं पाहिजे. आणि ते भरायला पाऊण तास. याचा अर्थ थांब्यावर १८:३० ला.

आता आरक्षण असेल तर? तिकिटाची रांग नाही, २२:०० ला स्टेशनवर पोचलं तरी चालतं, हिशोबाने थांब्यावर १९:३० ला गेलं तरी जमावं. पण जमत नाही. संध्याकाळी ७ नंतर सीट भरायचा वेग एकदम पडतो, कारण बाजारहाट करून परतणारी माणसं तोवर गेलेली असतात. ६ वाजता २० मिनिटांत भरणारी जीप साडेसातला तासभर उभी राहते, नाहीतर भरतच नाही. म्हणून आरक्षण असो वा नसो, निघायचं त्याच वेळेला. उरलेला वेळ स्टेशनवर काढा, थांब्यावर नको.

उसाच्या हंगामात कारखान्याच्या रस्त्यावर ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग लागलेली असते. त्या दिवसांत वर अर्धा तास धरा. आठवडी बाजाराच्या दिवशी उलटं घडतं: जीप झटपट भरते, पण गावाबाहेर पडायला वेळ खाते.

‘शेवटचं वडाप किती वाजता?’ हा प्रश्न ड्रायव्हरला विचारू नका, तो म्हणेल ‘रात्री ९ पर्यंत असतंय की’. थांब्यासमोरच्या पानटपरीवाल्याला विचारा. त्याला खरं माहीत असतं आणि खोटं सांगून काही मिळत नाही.

वडाप

पश्चिम महाराष्ट्रात वडाप, विदर्भ-मराठवाड्यात काळीपिवळी, कुठे नुसतं ‘ट्रॅक्स’ किंवा ‘मॅजिक’. एसटी स्टँडच्या २०० मीटरच्या आत खासगी वाहनांनी प्रवासी भरायचे नाहीत असा नियम असल्याने थांबा सहसा स्टँडला लागून नसतो. तो पुढच्या चौकात, पुलाखाली किंवा फाट्यावर असतो. एसटीची वेळ जुळत असेल तर आधी ती बघा. बायकांना तिकिटात निम्मी सवलत आहे, ७५ च्या पुढच्यांना प्रवास मोफत आहे, आणि ती भरली नाही तरी सुटते.

वडापात बसायच्या आधी तीन गोष्टी.

नंबरप्लेट बघा. पिवळ्या पाटीवर काळी अक्षरं म्हणजे भाड्याची परवानाधारक गाडी. पांढरी पाटी म्हणजे खासगी, तिच्यात पैसे देऊन बसलेल्याला अपघातात विम्याचं संरक्षण मिळणं अवघड होतं. नंबरचा फोटो काढून घरी पाठवा. ड्रायव्हरला त्यात काही वावगं वाटत नाही.

‘स्टेशनपर्यंत जाणार का?’ असं विचारलं तर उत्तर ‘हो’ येतं. ‘नेमकं कुठं सोडणार?’ असं विचारा. बायपास, नाका की स्टेशनचं फाटक, ते तेव्हा कळतं. रात्री बायपासवर उतरून दोन किलोमीटर बॅग ओढणं हा नवख्यांचा ठरलेला अनुभव.

भाडं ड्रायव्हरला नाही, आत बसलेल्या एखाद्या मावशीला विचारा: ‘मावशी, जंक्शनला किती घेतात?’ त्या सांगतील तेवढे सुट्टे पैसे हातात ठेवा. पाचशेची नोट काढली की ‘उतरताना देतो सुट्टे’ होतं, आणि उतरताना गाडी घाईत असते. गोणी, पेटी किंवा मोठी बॅग असेल तर तिचं वेगळं भाडं आधीच बोलून घ्या.

क्रूझरसारख्या जीपमध्ये पुढे ड्रायव्हरशेजारी दोन, मधल्या बाकावर चार, आणि मागे समोरासमोरच्या दोन आडव्या बाकांवर उरलेले. भरायला लागली की प्रत्येक ठिकाणी एकेक वाढतो. सगळ्यात बरी जागा मधल्या बाकाची खिडकी. मागच्या आडव्या बाकावर पाय अवघडतात, आणि घाटात ज्यांना मळमळतं त्यांची खैर नसते. पुढची जागा मोकळीढाकळी दिसते, पण तिथे तिसरा बसला की गिअरचा दांडा तुमच्या गुडघ्याला लागतो. ड्रायव्हरच्या उजव्या हाताला, दरवाज्याकडे, माणूस बसवलेला दिसला तर त्या गाडीत बसू नका. त्याला स्टेअरिंग पुरतं फिरवताच येत नाही. एकटीने जाणाऱ्या बाईने मधल्या बाकावर दुसऱ्या बायकांशेजारी बसावं आणि गाडीत बाईमाणूस नसेल तर पुढची जीप बघावी.

बॅग टपावर जाणार असेल तर क्लीनरच्या दोरीवर विसंबू नका. स्वतःची दोन-तीन मीटर नायलॉनची दोरी न्या आणि बॅगेची मूठ कॅरिअरच्या दांडीला बांधा. पावसाळ्यात बॅगेच्या आतल्या कपड्यांना प्लास्टिकची पिशवी, कारण वरच्या ताडपत्रीला कुठे ना कुठे भोक असतंच. पैसे, तिकीट, औषधं, चार्जर टपावर कधीच जाऊ द्यायचे नाहीत.

आणि गाडी भरलीच नाही तर? ड्रायव्हर म्हणतो, ‘तीन सीटचे पैसे वाटून घ्या, आत्ता सोडतो.’ हा सौदा वाईट नाही. सीटला ८० रुपये असतील तर तीन रिकाम्या सीटचे २४० रुपये सहा जणांत माणशी ४० होतात. गाडी चुकण्यापेक्षा स्वस्त. मात्र त्यानंतर वाटेत नवे प्रवासी घेतले तर तेवढे पैसे कमी करायचे, हे सुटायच्या आधी सगळ्यांदेखत ठरवा. एकट्याला ‘स्पेशल’ करण्याची वेळ येईपर्यंत थांबू नका.

डोंगराळ भागांत हाच धंदा जास्त शिस्तीचा आहे. न्यू जलपाईगुडी-सिलिगुडीहून दार्जिलिंग, गंगटोककडे जाणाऱ्या शेअर जीपना काउंटरवर सीटप्रमाणे तिकीट मिळतं. तिथे अडचण संध्याकाळची: घाटात अंधारात कमी गाड्या जातात, दुपार उलटली की सीट मिळेनाशी होते. गाडी पकडायला खाली उतरत असाल तर सकाळीच निघा.

फलाटावर

पोचल्याबरोबर तीन कामं, याच क्रमाने: शौचालय, पाणी, मग डब्याची जागा. जनरल डब्यात रात्री शौचालयापर्यंत जाता येईल याची खात्री नसते. पाणी दोन लिटर बरोबर असू द्या. रेल नीरची लिटरची बाटली १४ रुपयांना आहे, त्याहून जास्त मागितले तर छापील किंमत दाखवा.

जनरल डबे सहसा गाडीच्या दोन्ही टोकांना असतात. मधल्या फलाटावर उभं राहिलं की गाडी आल्यावर डोक्यावर बॅग घेऊन पळावं लागतं. फलाटावरच्या डब्यांच्या दर्शकावर जीएस, जीएन किंवा यूआर असं लिहिलेलं दिसतं. दर्शक बंद असेल तर हमालाला विचारा: ‘जनरल पुढे का मागे?’ हमालांना गाडीची रचना तोंडपाठ असते. जिन्याच्या जवळच्या टोकाला गर्दी जास्त, लांबच्या टोकाला कमी. चालायचा कंटाळा करू नका, ती दोनशे पावलं म्हणजे रात्रभराची बैठक.

गार्डाच्या डब्याला लागून असलेला दिव्यांगांचा भाग रिकामा दिसला तरी त्यात शिरू नका, तो गुन्हा आहे. बऱ्याच एक्सप्रेस गाड्यांत महिलांसाठी राखीव भाग असतो. १२ वर्षांखालचा मुलगा आईबरोबर तिथे चालतो, त्याहून मोठा नाही.

गाडी कुठून येते हे गर्दीचं अर्धं गणित. तुमच्याच जंक्शनवरून किंवा एक-दोन स्टेशनं मागून सुटणारी गाडी असेल तर जागा मिळते, कारण ती सुटण्याआधी बराच वेळ फलाटाला लागते. हजार किलोमीटरवरून भरून आलेल्या गाडीत दाराशी उभं राहायला मिळालं तरी नशीब. दोन्ही गाड्यांत तासाचा फरक असला तर जवळून सुटणारीच धरा. दिवाळी-छठ, होळी आणि मे महिना हे सगळीकडचे गर्दीचे दिवस. त्याशिवाय आषाढीला पंढरपूर, कुर्डुवाडी, मिरजेच्या बाजूला, ६ डिसेंबरला दादरकडे, दसऱ्याला नागपूरकडे जाणारे जनरल डबे तुडुंब असतात. त्या दिवसांत जादा गाड्या सोडतात, त्यांचा क्रमांक ० ने सुरू होतो. लोकांना त्या माहीत नसतात म्हणून त्यात हवा असते.

चढणं

चढायच्या आधी बॅग पाठीवरून पोटावर घ्या. पाठीवरची बॅग दाराच्या दांडीला अडकते आणि मागचा धक्का देत राहतो. चप्पल निघणारी नको, सँडल किंवा बूट घाला. मोबाइल हातात नको, खिशातही नको, बॅगेच्या आत. चोर गाडीत नसतात, दाराच्या रेट्यात असतात.

दाराच्या समोर उभं राहू नका, बाजूला राहा. उतरणारे पुरते उतरू द्या. घुसणारा आणि उतरणारा अडकले की दोघांचाही वेळ जातो, आणि थांबा २ मिनिटांचा असतो. दोघं असाल तर एकाने हलक्या हाताने आधी चढायचं, दुसऱ्याने सामान खिडकीतून किंवा दारातून द्यायचं, मग चढायचं. दोघंही सामान घेऊन एकदम चढायला गेले की एक फलाटावर राहतो. तसं झालंच तर गाडीतल्याने साखळी ओढायची नाही (विनाकारण ओढल्यास हजारापर्यंत दंड किंवा वर्षापर्यंत कैद). पुढच्या थांब्याला उतरून फोन करायचा. पलीकडच्या बाजूने, रुळांत उतरून चढणारे दिसतील. ते बघू नका, करूही नका.

बाकावर रुमाल टाकून जागा धरायची पद्धत आहे. कायद्याने तिला काही अर्थ नाही, पण डब्यात तिचा मान राखला जातो. दोन रुमाल असले तर एकावरून समजुतीने बोला. चारच्या बाकावर सहा जण बसतातच. ‘जागा आहे का?’ याला उत्तर नेहमी ‘नाही’. ‘दादा, थोडं सरकून घ्या, दौंडपर्यंत बसतो’ याला उत्तर बहुतेक वेळा सरकणं.

आत शिरल्यावर सगळ्यात कामाचा प्रश्न: ‘तुम्ही कुठं उतरणार?’ चार-पाच जणांना विचारा. मनमाड, भुसावळ, अकोला, सोलापूर, वाडी अशा मोठ्या जंक्शनवर डबा अर्धा रिकामा होऊन पुन्हा भरतो. जो पहिल्यांदा उतरणार त्याच्या शेजारी उभं राहायचं आणि त्याला सांगून ठेवायचं. रात्री १ ला जागा मिळाली तरी पहाटेपर्यंतची झोप होते.

रात्र

वरच्या फळीवर सामान असायला हवं, पण तिथे माणसं चढतात. चढलात तर पंख्यापासून डोकं आणि पाय लांब ठेवा आणि खालच्याच्या डोक्यावर चप्पल पडणार नाही हे बघा. खाली झोपायचं असेल तर दोन बाकांच्या मधली जागा घ्या, वाटेत नको. संडासाच्या बाजूची फरशी रात्री कधीतरी ओली होतेच. जाड प्लास्टिक आणि त्यावर जुनी चादर एवढं पुरतं. दारात पाय सोडून बसणं किंवा पायरीवर झोपणं या एकाच गोष्टीबद्दल कुणाचं ऐकू नका. डुलकी लागायला एक क्षण पुरतो.

खायला कोरडं न्या: दशम्या, भाकरी-चटणी, धपाटे, चिवडा. रश्शाचा डबा गर्दीत उघडताच येत नाही. जनरल डब्यांच्या समोर काही स्टेशनांवर २० रुपयांत पुरी-भाजीचं पाकीट मिळतं. अनोळखी माणसाने प्रेमाने दिलेला चहा, बिस्किट किंवा पेढा घ्यायचा नाही. ‘उपास आहे’ म्हटलं की कुणी रागावत नाही.

स्लीपरमध्ये असाल तर रात्र बरीच सोपी. जागेचा क्रमांक आठाने भागा: बाकी १ किंवा ४ उरली तर लोअर, २ किंवा ५ मिडल, ३ किंवा ६ अप्पर, ७ साइड लोअर, शून्य साइड अप्पर. म्हणजे ४६ अप्पर, ४७ साइड लोअर. मिडल बर्थ रात्री १० ते सकाळी ६ पर्यंतच उघडायची. १० च्या आधी कुणी उघडली तर खालच्याला ‘नाही’ म्हणायचा हक्क आहे, १० नंतर नाही. ज्येष्ठांना लोअर मिळावी म्हणून आरक्षण करताना वय बरोबर लिहा. जागेवर दुसरा झोपलेला असेल तर आधी डबा आणि गाडीचा क्रमांक पुन्हा तपासा. निम्म्या वेळा चूक आपलीच असते. नसेल तर तिकीट दाखवा, तरी हलला नाही तर टीसी, टीसी सापडत नसेल तर रेल्वेची हेल्पलाइन १३९.

बॅग लोअर बर्थखालच्या कडीला साखळी-कुलूप लावून ठेवा. पाकीट-मोबाइलची छोटी पिशवी उशाखाली नको, अंगाखाली. खिडकीशी मोबाइल धरून बसू नका. गाडी हलायला लागली की बाहेरून हात येतो. झडप वर करताना खटका नीट बसलाय का पाहा, ती बोटांवर पडते. काही गाड्यांत रात्री ११ ते पहाटे ५ चार्जिंग बंद ठेवतात, तेव्हा मोबाइल आधीच भरा आणि पॉवर बँक ठेवा. थंडीत साइड बर्थला फटीतून वारा लागतो, कानटोपी हवीच.

जनरलचं तिकीट घेऊन स्लीपरमध्ये बसलात तर भाड्यातला फरक आणि वर किमान २५० रुपये भरावे लागतात, आणि जागा नसेल तर उतरावंही लागतं.

उतरणं आणि सकाळचं वडाप

पहाटे ३:४० ला उतरायचं असेल तर दोन गजर लावा, एक नियोजित वेळेच्या ४० मिनिटं आधीचा. गाडी उशिरा आहे का ते रेल्वेच्या एनटीईएस या चौकशी सेवेवर बघता येतं. ‘व्हेअर इज माय ट्रेन’ अॅप इंटरनेट नसतानाही मोबाइल टॉवरवरून ठिकाण दाखवतं. त्यात स्टेशनचा गजर लावता येतो. स्लीपरमधून १५ मिनिटं आधी दाराशी या, जनरलमधून अर्धा तास आधी, कारण वाटेत झोपलेल्या माणसांवरून जायचंय. फलाट कोणत्या बाजूला येतो ते रोजच्या प्रवाशाला विचारून ठेवा.

अपरात्री स्टेशनबाहेर पडायची घाई करू नका. तिकीट जपून ठेवा आणि उजाडेपर्यंत प्रतीक्षालयात बसा. बाहेर पहिला जो ‘चला, स्पेशल सोडतो’ म्हणेल त्याला तिप्पट भाडं हवं असतं. एखादी गाडी आली की दहा-पंधरा मिनिटांत त्याच गावाची आणखी माणसं बाहेर येतात. शिर्डीसाठी मनमाड किंवा कोपरगावला, तुळजापूर-अक्कलकोटसाठी सोलापूरला हेच चालतं. साडेपाचच्या सुमारास पहिली एसटी लागते, आणि ती लागली की वडापाचे दरही खाली येतात.

गाडी चुकली तर

आरक्षणाचं तिकीट असेल आणि गाडी तुमच्या स्टेशनवरून सुटून गेली तर त्या पैशांची आशा सोडा. वडाप पंक्चर झालं हे कारण रेल्वेला लागू नाही. उलट गाडीच ३ तासांहून जास्त उशिरा असेल आणि तुम्ही जायचं रद्द केलं, तर पूर्ण पैसे मिळतात, पण टीडीआर, म्हणजे पैसे परत मागायचा अर्ज, गाडी प्रत्यक्ष सुटायच्या आधी भरावा लागतो. जीपने पुढचं स्टेशन गाठून गाडी पकडायचा सल्ला कुणीतरी देतोच. रात्रीच्या रस्त्यावर गाडीशी शर्यत लावणारा ड्रायव्हर बऱ्याचदा दिवसभर गाडी चालवून दमलेला असतो. त्यापेक्षा चौकशी खिडकीवर त्या दिशेची पुढची गाडी विचारा, जनरलचं नवं तिकीट काढा आणि घरी फोन करून सांगा की सकाळी दोन-तीन तास उशीर होईल.